चोथा बंद

त्या खोलीला सगळे खाणावळ म्हणत. दारावर 'परवानगीशिवाय आत येऊ नये' अशी पाटी होती, पण तिच्याकडे बघतो कोण! आत लांब टेबलावर काचेची तीन मोठी भांडी, त्यांत तपकिरी गढूळ पाणी, अंगाइतकं कोमट, आणि झाकणं अशी घट्ट की हवेचा कण आत शिरायला नको. त्या पाण्यात माणसाच्या मोठ्या आतड्यातले जंतू होते, जिवंत, मोजायला बसलात तर जन्म जाईल इतके. त्यांना रोज सकाळी नऊच्या ठोक्याला जेवू घालायचं हे ताईचं काम. चौदा वर्षं तिनं ते केलं. त्यामुळे प्रयोगशाळेत तिला आचारीण म्हणत आणि ती ते मुकाट्यानं ऐकून घेई. ताई ती घरी, आईची आणि धाकट्या भावाची.

तिन्ही भांड्यांनाही नावं पडली होती. पहिलं खादाड, दुसरं बेताचं आणि तिसरं उपाशी. खादाडाला भरपूर चोथा, बेताच्याला निम्मा, उपाशाला अजिबात नाही. चोथा म्हणजे कोंडा, कडधान्यांची सालं, भाज्यांच्या शिरा आणि देठ वाळवून केलेली भुकटी. चमच्यानं मोजून झाकणातल्या तोटीतून घालायची, ढवळायची, वास घ्यायचा. हो, वास! खादाड नीट जेवला की खवट लोण्यासारखा वास सुटायचा आणि तो ताईच्या केसांत जाऊन बसायचा. "आलीस का गं नासकं लोणी घेऊन," असं आई दारातच म्हणायची, रोज, आणि रोज दोघी हसायच्या.

भावाला एकदा तिनं सगळं समजावून सांगितलं होतं. त्याला सगळे बारक्या म्हणत, आणि हा बारक्या सहा फूट उंच, दारातून वाकून आत येणारा. खिडक्यांना काचा बसवायचा धंदा. ताई त्याला म्हणाली, "हे बघ, साखर पचते, भात पचतो, ते तुझं तुला जमतं. पण सालं आणि शिरा म्हणजे साखरेचेच लांब दोरे, गाठी मारून मारून घट्ट केलेले. त्या गाठी कापायची कात्री माणसाच्या पोटाकडे नाही. ती जंतूंकडे. एक जण दोरा तोडतो, दुसरा तुकडे उचलतो, उरलंसुरलं तिसरा खातो. खाऊन जे आंबट टाकतात ना, त्यावर तुझ्या आतड्याची भिंत पोसते."

"म्हणजे माझ्या पोटात भाडेकरू आहेत!" बारक्या म्हणाला. "आणि भाडं वेळेवर देतात? असले भाडेकरू आपल्या मालकाला दाखव, पाया पडेल."

"आणि चोथा नाही मिळाला, तर भिंत खातात."

"आँ?"

"भिंतीवर एक बुळबुळीत थर असतो राखणीला. भूक लागली की तो खायला लागतात."

हे काही तिनं पुस्तकात वाचून सांगितलं नव्हतं. प्रत्येक भांड्यात प्लास्टिकच्या कड्या टांगलेल्या असत, त्यांना तसाच थर दिलेला. दर सोमवारी कड्या काढून ताई वजन करायची. खादाडाच्या कड्या होत्या तशाच गुबगुबीत. उपाशाच्या कड्या सोमवारागणिक हलक्या. तिसऱ्या चौथ्या सोमवारी प्लास्टिक उघडं पडायचं. चौदा वर्षं स्वतःच्या डोळ्यांनी बघत होती ही बाई. हे आत्ताच लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट. त्या प्रयोगशाळेचे मोठे सर तारखांच्या बाबतीत भलते कडक. प्रत्येक भांड्याला, बाटलीला, डबीला पांढरी पट्टी चिकटवायची आणि पट्टीवर दोन रकाने: 'पासून' आणि 'पर्यंत'. 'पर्यंत' रिकामं दिसलं की सर एक अक्षर न बोलता भांडं उचलायचे आणि मोरीत ओतायचे. ताईचं एक भांडं असंच गेलं होतं पहिल्या वर्षी, सहा आठवड्यांची मेहनत. त्या दिवशी ती संडासात जाऊन रडली. त्यानंतर तिच्या हातून 'पर्यंत' कधी रिकामं राहिलं नाही. म्हणजे प्रयोगशाळेत.

गेल्या वर्षी बारक्याच्या आतड्याला सूज आली. पोटात मुरडा, रक्त, आठ दिवस इस्पितळ. सूज उतरली, घरी सोडलं, आणि सोडताना तिथल्या आहार सांगणाऱ्या बाईंनी बजावलं, "सध्या चोथा बंद. सालं नको, बिया नको, कच्चं नको. साधारण तीन आठवडे. मग दाखवायला या, डॉक्टर सांगतील तसं हळूहळू सुरू करू." आईला ऐकू कमी येई आणि घाबरली की तेवढंही येत नसे. म्हणून ताईनं घरी येऊन पर्समधली प्रयोगशाळेची पट्टी काढली, तिच्यावर टपोऱ्या अक्षरांत 'चोथा बंद' लिहिलं, 'पासून'पुढे तारीख घातली आणि स्वयंपाकघराच्या कपाटावर आईच्या डोळ्यांसमोर चिकटवली. 'पर्यंत' रिकामं ठेवलं. डॉक्टर सांगतील तेव्हा लिहू म्हणाली. कपाळ!

आई शिवणकाम करायची, चाळीस वर्षं. तिनं जुन्या मऊ चादरीची तिपदरी पिशवी शिवली, आत शिवण येऊ नये म्हणून कडा बाहेर वळवल्या, तोंडाला नाडी घातली. मटार उकडून पिशवीत, पिळून रस बारक्याला. गाजर उकडून पिशवीत. डाळसुद्धा पिशवीत. पिशवीत राहिलेला गोळा कचऱ्यात. सोबत पांढरा भात नाहीतर पांढरा पाव. सकाळ-संध्याकाळ पिळून पिळून तिची बोटं सुजली, पण हूं की चूं नाही. आणि पोराला दाखवून दाखवून कोण वेगळं जेवणार? तीही तेच जेवू लागली. ताईची दुपार प्रयोगशाळेच्या उपाहारगृहात जाई, रात्री ती काहीबाही खाऊन घेई.

तीन आठवड्यांनी बारक्या ठणठणीत. गालावर मांस चढलं, शिड्या चढू लागला, काचा बसवू लागला. "दाखवायला जायचंय ना रे?" ताई विचारायची. "हा आठवडा काम आहे गं, पुढच्या जाऊ," तो म्हणायचा. पुढचा आठवडा काही आला नाही. बरं वाटणाऱ्या माणसाला इस्पितळाची पायरी चढवणं म्हणजे काय असतं ते ज्याच्या घरात असा माणूस आहे त्याला विचारा. आई म्हणायची, "मानवलंय गं त्याला. कशाला आता पुन्हा सुया टोचून घ्यायच्या?" आणि पिशवी पिळत राहायची. ताई ओट्यापाशी उभी राहून चहा प्यायची, समोर तिच्याच अक्षरातली पट्टी. अकरा महिने. तिला काही म्हणजे काही दिसलं नाही. चपला दाराबाहेर काढतात तशी तिनं आपली अक्कलही बाहेरच काढून ठेवली होती, दुसरं काय म्हणायचं?

मग बारक्याची दाढ सुजली. दातांच्या डॉक्टरनं जंतू मारायच्या जोरकस गोळ्या दिल्या, सात दिवसांच्या. दाढ बसली. आठव्या दिवशी जुलाब सुरू झाले. दिवसाला पाच, मग दहा, मग मोजायचं सोडून दिलं. अंग तापलं, डोळे आत गेले. सहा फुटी माणूस आईच्या आणि बहिणीच्या खांद्यांवर भार टाकत जिना उतरला आणि खालच्या पायरीवर बसूनच राहिला.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण धांदरट नव्हत्या. कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, "खाणं काय असतं यांचं?"

आई पुढे सरकली. हा तिचा विषय. "चोथ्याचा कण जाऊ दिला नाही, डॉक्टर. सगळं गाळून. तिपदरी कापडातून. मटार, गाजर, डाळ, सगळं. मीही तेच जेवते."

"किती दिवस?"

"अकरा महिने होतील. एक दिवस चुकवला नाही."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "अकरा महिने? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"चिठ्ठी आहे ना घरी," आई म्हणाली, आणि तिनं ताईकडे मान वळवली, इतक्या अभिमानानं की ताईला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. "माझ्या लेकीच्या हातची. ती याच कामात आहे, पोटातल्या जंतूंच्या. तिला सगळं कळतं."

ताईला उपाशाच्या कड्या दिसत होत्या. पहिला सोमवार, दुसरा सोमवार, तिसरा. अकरा महिन्यांचे सोमवार किती होतात ते ती मनातल्या मनात मोजू लागली आणि अर्ध्यात थांबली.

बाहेर येऊन डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेतलं. "हे बघा, एकाच गोष्टीनं असं होत नाही. जुनं दुखणं आहे, वर त्या गोळ्या. आतले चांगले जंतू त्यांनी झोडपले आणि एका वाईट जंतूला रान मोकळं मिळालं. पण आधीपासूनच आत फारसं कोणी उरलेलं नसणार. राखणीला कोणी नव्हतं. भिंतही पातळ झालेली दिसतेय." मग म्हणाल्या, "आईंनाही सांगा. त्याही तेच जेवतात ना?"

औषध सुरू झालं. चार दिवस झाले, उतार नाही. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या की एक उपाय आहे: धडधाकट माणसाच्या आतड्यातले जंतू घेऊन याच्या आतड्यात सोडायचे. हसू नका, खरंच करतात आणि गुणही येतो. पण देणारा माणूस तपासून घ्यावा लागतो, रक्त, शौच, सगळं. दुसऱ्या शहरातून तपासलेला नमुना मागवला होता, तो गुरुवारी येणार होता. तो दिवस सोमवारचा.

"माझे घ्या," ताई म्हणाली.

"तुमच्या तपासण्यांनाच आठवडा जाईल."

ताई तिथून उठली ती थेट खाणावळीत. सुट्टीवर होती, तरी गेली. टेबलावर खादाड मजेत होता, बुडबुडे सोडत, लोण्याचा वास मारत. दोन लिटर! धडधाकट, पोटभर जेवलेले, तिनं स्वतःच्या हातानं पोसलेले. तिनं कपाटातून स्वच्छ बाटली काढली, नळी लावली, बाटली अर्धी भरलीसुद्धा. मागे मोठे सर कधी येऊन उभे राहिले तिला कळलं नाही.

"कोणासाठी?" त्यांनी विचारलं.

"भावासाठी."

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. "भांड्यात चौदा महिने वाढवलेले आहेत ते. मूळ कोणाचे, त्यात नवीन काय उगवलंय, मला माहीत नाही. तुला माहीत आहे? त्याची भिंत फाटायला आलेली असेल तर हे रक्तात उतरेल आणि तो संध्याकाळपर्यंत जाईल. मग तू काय करशील?"

तिनं बाटली मोरीत ओतली. नळ सोडला, मोरी धुतली, बाटली धुतली, उलटी करून ठेवली. हात सवयीनं सगळं करत होते.

मंगळवारी दुपारी बारक्या शुद्धीत होता. पोट फुगून टच्च झालेलं, ओठ कोरडे. आई उशाशी होती. त्यानं डोळे उघडून ताईकडे पाहिलं आणि पुटपुटला, "भाडेकरू गेले का गं सोडून?"

"येणारेत नवे. गुरुवारी."

"भाडं आगाऊ घे त्यांच्याकडून," तो म्हणाला. त्याला हसायचं होतं, पण पोट हललं की कळ येई, म्हणून नुसते डोळे मिटले. ताईनं त्याचा पंजा हातात धरला. काचांनी कापलेल्या जुन्या खुणा होत्या त्याच्यावर, ती एकेक चाचपत बसली. सांगून टाकावं असं तिच्या मनात आलं. बारक्या, ती पट्टी माझी होती रे. पण तो झोपला, आणि झोपलेल्या माणसाला कशाला उठवायचं म्हणून ती गप्प राहिली.

बुधवारी सकाळी आतडं फुटलं. बारक्याला घाईनं आत नेलं, पोट उघडलं, तीन तास झगडले. दुपारी दीड वाजता डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, आणि त्यांचा चेहरा पाहूनच आई खाली बसली.

नमुना गुरुवारी आला. ठरल्याप्रमाणे, वेळेवर. तो परत पाठवला.

पंधरा दिवसांनी ताई कामावर गेली. सगळे नजर चुकवत होते. सोमवार होता. तिनं उपाशाच्या कड्या काढल्या, तराजूवर ठेवल्या, आकडा वहीत लिहिला. मग तिच्यानं राहवेना. मोठ्या सरांना जाऊन म्हणाली, "तिसऱ्याला चोथा घालते." प्रयोग बिघडणार होता. सर म्हणाले, "आज घरी जा तू."

ती घरी गेली. भर दुपार, जिन्यात खालच्या किल्लीवाल्याच्या कानशीचा आवाज येत होता. दार उघडंच होतं. आई ओट्यापाशी उभी होती. एका वाटीभर मटारासाठी पातेलं चढवलेलं, आणि उकडलेले मटार तिपदरी पिशवीत घालून ती दोन्ही हातांनी पिळत होती. एका माणसापुरता रस. मध्येच तिनं डावा हात पोटावर दाबला, दात आवळले, आणि पुन्हा पिळायला लागली.

"दुखतंय का?" ताई जवळ जाऊन मोठ्यानं म्हणाली.

"थोडं. आठ-दहा दिवस झाले. होईल बरं, गाळूनच तर खातेय मी."

आता दोनच वाटा होत्या, खरं किंवा खोटं. खोटं सांगायचं, डॉक्टरांनी आता नवीन सांगितलंय, आई, हे औषध म्हणून खा. आईनं ऐकलं असतं, मुकाट्यानं खाल्लं असतं, आणि मरेपर्यंत तिला वाटत राहिलं असतं की आपण पोरासाठी होतं नव्हतं तेवढं केलं. काय वाईट होतं त्यात? जिन्यात ताईनं तेच ठरवलं होतं. पर्समधलं पेन काढून ती कपाटापाशी गेली. पट्टी पिवळी पडली होती, एका कोपऱ्याला डाळीचा डाग. तिनं 'पर्यंत'पुढे आजची तारीख लिहिली.

"संपलं, आई. आजपासून चोथा सुरू," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले."

आईनं पिशवी ओट्यावर ठेवली. हात पदराला पुसले, चष्मा नाकावर चढवला आणि पट्टीजवळ गेली. एक एक अक्षर लावत वाचलं. चाळीस वर्षं तिनंही शिवायला आलेल्या कपड्यांना चिठ्ठ्या टाचल्या होत्या. माप घेतलं ती तारीख आणि कपडा द्यायची तारीख. दोन तारखा असल्याशिवाय कपडा हातात घेत नसे ती.

"ही दुसरी तारीख लिहायची होती?" तिनं विचारलं.

ताईनं पेनाचं टोपण लावलं.

"मला वाटलं, लिहिली नाहीस म्हणजे कायमचं. आतड्याचं दुखणं, जन्मभराचं पथ्य. मी म्हटलं बरं, जन्मभर गाळीन." तिनं चष्मा काढला. "कधीची होती गं खरी?"

आता खोटं बोलायला काय हरकत होती? काही नव्हती. पण चौदा वर्षं तारखा लिहिणाऱ्या बाईच्या तोंडून चुकीची तारीख निघेना.

"तीन आठवडे," ताई म्हणाली. "मी लिहायला विसरले, आई. मी विसरले. त्याच्या आतले जंतू चोथ्याविना उपाशी होते. माझ्यामुळे."

आईला ऐकू गेलं. नेमकं हेच वाक्य पहिल्या झटक्यात ऐकू गेलं. ती ओट्याला टेकली. ती त्या पिशवीकडे बघत होती, तिच्या बारीक टाक्यांकडे, बाहेर वळवलेल्या कडांकडे.

"उपाशी कसा?" ती म्हणाली. "पोटभर जेवायचा की. दोनदा मागून घ्यायचा." मग तिनं मान हलवली, आणि आवाज एकदम बारीक झाला. "आणि मी ते कचऱ्यात टाकत होते. रोज. त्याचं जेवण मी कचऱ्यात टाकत होते."

"तू नाही गं आई, मी—"

"गप्प बस."

आईनं पिशवीची नाडी सोडली. आतला हिरवा गोळा ताटलीत उपडा केला, सालांचा, गरम, पिळून कोरडा पडलेला. ती खाली बसली आणि चिमटीनं उचलून खाऊ लागली. घशाखाली उतरेना, तरी चावत राहिली. ताई पाणी घेऊन पुढे झाली. आईनं पेला घेतला नाही, ताटली मात्र तिच्याकडे सरकवली.

"बस," ती म्हणाली. "तूही खा."